वडीलधाऱ्यांचा ‘झटका’ : फेफरे की अर्धांगाची चाहूल?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चालक भगिनींनी या वर्षी मला एखाद्या घरगुती विषयावर बोलावे असे सुचविले, तेव्हा मी लोणच्या-पापडाचा नाहीतर भरतकामाचा विषय घेईन अशी त्यांची समजूत झाली असावी. परंतु गेली चार वर्षे ज्या गोष्टीने माझ्या घरात ठाण मांडले आहे, तिच्याविषयीच बोलावे असे मी ठरविले. मी डॉक्टर नाही, परिचारिकाही नाही. शाळेत मुलांना गणित शिकवून निवृत्त झालेली एक सून आहे. जे सांगणार आहे ते डॉक्टरांना विचारून, थोडे वाचून आणि सासूबाईंच्या उशाशी बसून शिकलेले आहे. बोलण्यापूर्वी त्यांची परवानगी घेतली आहे. त्या समोरच पहिल्या रांगेत बसल्या आहेत, आणि मी काही वावगे बोलले तर तेथूनच टोकतील याविषयी मला शंका नाही.

आपल्याकडे ‘झटका’ हा शब्द फार सैलपणे वापरतात. हृदयाचा झटका, लकव्याचा झटका, फिटचा झटका, आणि उन्हात भोवळ आली तरी झटकाच. धाडमध्ये कोणाच्या घरी गेले आणि कळले की आजींना झटका आला होता, तर नेमके काय झाले ते त्या एका शब्दावरून कधीच कळत नाही. बोलण्यापुरते ते चालते. पण डॉक्टरांसमोरही आपण तोच शब्द ठेवतो, आणि तेथे मात्र तो चालत नाही. कारण या निरनिराळ्या झटक्यांची औषधे निरनिराळी आहेत, आणि एकाचे औषध दुसऱ्याला दिले तर उपयोग तर नाहीच, कधी अपायही होतो.

त्यांतल्या दोन झटक्यांचा घोळ म्हाताऱ्या माणसांत सर्वांत जास्त होतो. एक म्हणजे क्षणिक अर्धांग. डॉक्टर त्याला टीआयए म्हणतात, तरुण मुले मिनी स्ट्रोक म्हणतात. दुसरे म्हणजे फेफरे, ज्याला कोणी फिट म्हणते, कोणी आकडी, कोणी मिरगी, आणि आयुर्वेदात अपस्मार म्हटले आहे.

आपण शेतकरी घरच्या बायका, म्हणून पाटाच्या पाण्याचा दाखला देते. पाटात कोठे ढेकूळ अडकले की पुढच्या वाफ्याला पाणी पोचत नाही आणि तेवढाच वाफा सुकू लागतो. ढेकूळ वाहून गेले की पाणी पुन्हा सुरू होते. क्षणिक अर्धांगात मेंदूच्या एखाद्या शिरेत रक्ताची बारीक गुठळी अशीच अडकते आणि थोड्या वेळात विरघळते किंवा पुढे सरकते. तेवढा वेळ मेंदूच्या त्या भागाचे काम बंद पडते. हात लुळा पडतो, तोंडाचा कोपरा ओघळतो, जीभ जड होते, एका डोळ्यापुढे पडदा उतरल्यासारखा वाटतो. म्हणजे जे होत होते ते होईनासे होते. फेफऱ्याचे उलटे आहे. तेथे पाणी अडत नाही, तर मोटारीच्या तारेत ठिणग्या उडाव्या तसे मेंदूतील विजेचे काम भलतेच उसळते. म्हणून जे होत नव्हते ते होऊ लागते. हात झटके देऊ लागतो, तोंड चघळल्यासारखे हलू लागते, मुंग्या बोटांपासून वर चढत जातात, माणूस एकटक पाहत राहतो. काम बंद पडले, की भलतेच काम सुरू झाले, हा प्रश्न सर्वांत आधी स्वतःला विचारावा, असे मला डॉक्टरांनी शिकविले.

आता आमच्या घरातले सांगते, कारण सासूबाईंना दोन्ही झाले.

चार वर्षांपूर्वी चैत्रात कुरडयांचा चीक घाटताना त्यांच्या उजव्या हातातून पळी खाली पडली. वाकून उचलायला गेल्या तर हात वर येईना. डाव्या हाताने उजवा हात धरून त्या उचलू लागल्या. ओठाचा उजवा कोपरा खाली आला होता आणि ‘पाणी’ म्हणायचे ते ‘पाई’ असे काहीतरी येत होते. पण शुद्ध पूर्ण होती. डोळे आमच्या मागे फिरत होते, मी काय म्हणते ते त्यांना समजत होते. पंधरा-वीस मिनिटांत हात हलू लागला, बोलणे सुधारले, आणि त्यांचे पहिले वाक्य होते, “चीक करपला ना!” जमलेल्यांपैकी कोणी म्हणाले ऊन लागले, कोणी म्हणाले पित्त झाले, लिंबूसरबत द्या आणि पडू द्या. यजमानांनी ऐकले नाही. शेजारच्यांची जीप काढली आणि बुलढाणा गाठले. तेथे साखर, रक्तदाब, हृदयाचा आलेख आणि डोक्याचा स्कॅन झाला. पुढे छत्रपती संभाजीनगरला मानेच्या शिरांची तपासणी केली तेव्हा डावी शीर अरुंद झालेली निघाली. मेंदूची डावी बाजू उजवा हात चालविते, म्हणून डाव्या शिरेचा दोष उजव्या हातात दिसला. रक्ताची गुठळी होऊ न देणारी गोळी, चरबीची गोळी आणि रक्तदाबाची गोळी सुरू झाली.

बरे वाटले म्हणजे झाले, असे आपण समजतो, आणि क्षणिक अर्धांगाची खरी फसवणूक येथेच आहे. माणूस उठून कामाला लागतो, पण शिरेतला दोष जागच्या जागी असतो, आणि पुढचे दोन दिवस व पहिला आठवडा खऱ्या, कायमच्या अर्धांगाला सर्वांत धोक्याचे असतात. इंग्लंडात ऑक्सफर्डच्या डॉक्टरांनी २००७ साली एक पाहणी प्रसिद्ध केली. पूर्वी असे रोगी सवडीने तपासले जात, तेव्हा तीन महिन्यांत शंभरातल्या दहांना पुन्हा मोठा झटका येई. मग त्यांनी त्याच दिवशी तपासून लगेच औषधे देण्याची पद्धत सुरू केली, तर हा आकडा दोनवर आला. औषधे नवी नव्हती. जुनीच होती, फक्त लवकर दिली होती.

आपल्या विदर्भातलीही एक पाहणी सांगण्याजोगी आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी स्थापन केलेल्या ‘सर्च’ संस्थेने ८६ गावांतील मृत्यूंची नोंद ठेवली. २०१५ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. गावांतील मृत्यूंचे पहिले कारण पक्षाघात हे निघाले. साधारण दर सात मृत्यूंमागे एक. आणि या रोग्यांपैकी बहुतेक सर्व आपल्या घरीच गेले होते. आपण समजतो की हा शहरातल्या खात्यापित्या लोकांचा रोग. तसे नाही, भगिनींनो.

पहिल्या प्रसंगानंतर दहा महिने सासूबाई ठीक होत्या. मग माघात एका रात्री जेवण झाल्यावर त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. बोलता बोलता थांबल्या. समोर एकटक पाहू लागल्या. उजव्या हाताने पदराचे टोक चिमटू लागल्या, आणि तोंड सुपारी चघळल्यासारखे हलत होते. तोंडात सुपारी नव्हती. मी तीनदा हाक मारली, उत्तर नाही. हात लुळा नव्हता, तोंड वाकडे नव्हते. दोनेक मिनिटांत हे थांबले. पण त्यानंतर दीड तास त्या “आज कोणता वार हाय गं?” हेच विचारीत राहिल्या. सांगितले की “असं होय” म्हणायच्या आणि पुन्हा तेच. दुसऱ्या दिवशी त्यांना यातले काहीही आठवत नव्हते. आपण जेवलो हेही नाही.

घरात सर्वांचे एकच मत पडले, की मिनी स्ट्रोक पुन्हा आला. एके ठिकाणी फोन केला तर न पाहताच सांगण्यात आले, की गुठळीची गोळी दुप्पट करा. ती आम्ही केली नाही, कारण माझ्या पुतण्याने त्या दोन मिनिटांपैकी चाळीस सेकंद मोबाईलवर टिपले होते. त्या वेळी त्याला सर्वांनी फटकारले, की आजीला काय होते आहे आणि तू चित्रे काढतोस! पण मेंदूच्या डॉक्टरांनी ते चित्रण दोनदा पाहिले, मला चार-पाच प्रश्न विचारले आणि म्हणाले, हे फेफरे आहे. एमआरआयमध्ये मेंदूच्या डाव्या बाजूला एक लहानसा जुना व्रण निघाला. शिरांच्या रोगाने मागे केव्हातरी, कोणाच्या ध्यानात न येता, झालेला. त्या व्रणाच्या कडेला ठिणग्या उडत होत्या. म्हातारपणी नव्याने सुरू होणाऱ्या फेफऱ्याचे ज्ञात कारणांपैकी सर्वांत मोठे कारण हेच, अर्धांगाचा जुना डाग. म्हणजे दोन रोग अगदी परके नाहीत. एकाच घरातल्या जावा आहेत म्हणा ना! मेंदूच्या विजेचा आलेख मात्र आमचा अगदी सरळ आला. तेव्हा यजमान म्हणाले, मग फेफरे नाहीच. डॉक्टर म्हणाले, आलेख अर्ध्या तासाचा असतो, ठिणगी त्याच वेळी उडेल असे नाही. आलेख चांगला आला म्हणून फेफरे नाही असे ठरत नाही.

फेफरे म्हणजे धाडकन पडणे, हातपाय झाडणे, तोंडाला फेस, एवढेच आपण जाणतो. म्हाताऱ्या माणसांत बरेचदा तसे होत नाही. नुसते हरवल्यासारखे होते, आणि नंतरचा गोंधळ तासन्‌तास, कधी एखादा दिवसही टिकतो. घरातले म्हणतात, म्हातारपणाचा विसराळूपणा, चळ लागला. म्हणून हा प्रकार वर्षानुवर्षे ओळखला जात नाही.

मी ओळखण्याचे काही उपाय मनाशी धरले आहेत. एक, ज्याला झाले त्याला आठवते का? क्षणिक अर्धांग झालेले माणूस नंतर सगळे सांगू शकते, की हात असा पडला, तुम्ही असे धावलात. फेफऱ्याचे माणूस बहुधा सांगू शकत नाही, ते पाहणाऱ्यालाच सांगावे लागते. दुसरे, सुरुवात कशी झाली? गुठळीने एकदम सगळे होते, दिवा विझावा तसे. फेफऱ्यात झटके किंवा मुंग्या काही सेकंदांत बोटांतून मनगटात, मनगटातून दंडात चालत जातात. वेळेचेही पाहावे. फेफऱ्याचा जोर एक ते तीन मिनिटे, आणि मागाहून ग्लानी लांबते. अर्धांगाची चाहूल काही मिनिटांपासून तासाभरापर्यंत, आणि ओसरल्यावर माणूस स्वच्छ असते. जिभेची कड चावली गेली असेल, कपड्यात लघवी झाली असेल, तर फेफऱ्याकडे बोट जाते. आणि अगदी तसाच, साच्यातून काढल्यासारखा प्रसंग महिन्यांमागून महिने होत राहिला, तरी फेफऱ्याचाच संशय अधिक.

पण या साऱ्याला अपवाद आहेत, आणि ते सांगितले नाहीत तर माझे भाषण घातक ठरेल. मोठे फेफरे येऊन गेल्यावर एक हात किंवा एक बाजू काही काळ लुळी पडू शकते. लंडनच्या रॉबर्ट बेंटली टॉड या वैद्याने १८४९ साली याचे वर्णन केले, म्हणून त्याला टॉडचा पक्षाघात म्हणतात. तो काही तासांत, फार तर दीड दिवसात जातो. हुबेहूब अर्धांगासारखा दिसतो, आणि घरी बसून कोणालाही तो ओळखता यायचा नाही. उलट मानेची शीर फार अरुंद असेल तर उभे राहताच हात थरथरतो. तो फेफऱ्यासारखा दिसतो पण असतो रक्ताच्या तुटवड्याचा. तेव्हा मी जे सांगते ते डॉक्टरांना नीट हकीगत देता यावी म्हणून, घरीच निकाल लावावा म्हणून नव्हे. नव्याने एक बाजू लुळी पडली की ती अर्धांगच समजून निघावे.

आणखी दोन तोतये आहेत. पहिला साखरेचा. मधुमेहाची गोळी घ्यायची आणि एकादशीचा उपवासही करायचा, असे आपल्या घरोघरी चालते. साखर उतरली की माणूस घामाघूम होते, बरळते, कधी एक बाजू लुळी पडते, कधी सरळ फेफरे येते. म्हणून घरात मधुमेही असेल तर बोटाला टोचून साखर पाहण्याचे यंत्र ठेवावे आणि झटक्याच्या वेळी आधी ते लावावे. ७०च्या खाली आकडा असेल आणि माणूस गिळण्याइतके शुद्धीवर असेल तर साखरेचे पाणी द्यावे. शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नये. दुसरा तोतया साधी भोवळ. रात्री एकदम उठून मोरीकडे जाताना माणूस पांढरेफटक पडते, कोसळते, दोन-चार झटकेही येतात. पण आडवे होताच अर्ध्या-एक मिनिटात शुद्धीवर येऊन नीट बोलते. तरीही पंचाहत्तरीच्या माणसाला असे झाले तर हृदय तपासून घ्यावे.

आता थोडे नाजूक बोलते. आपण ‘चक्कर आली’ असे का म्हणतो आणि ‘फेफरे आले’ असे का म्हणत नाही? घरात लग्नाच्या मुली असतात म्हणून. आजीला मिरगी आहे असे गावात झाले की नातीच्या स्थळाला अडचण. आमच्याही नात्यात मला हळूच सांगण्यात आले, की बाई, लकवा म्हणा, फिट म्हणू नका. जुन्या व्रणावरून म्हातारपणी आलेले फेफरे नातवंडांच्या रक्तात कसे उतरेल, हे मला कोणी समजावून सांगावे! एके काळी फेफरे हे हिंदू विवाह कायद्यातही लग्नाला बाध आणणारे कारण होते. १९९९ साली ते कायद्यातून काढून टाकले. कायद्याने सोडले, आपण अजून धरून बसलो आहोत.

बाहेरच्या बाधेचेही असेच. आपल्याच जिल्ह्यात सैलानी बाबांचा दर्गा आहे, होळीच्या सुमारास तेथे केवढी यात्रा भरते ते मी तुम्हाला सांगायला नको. श्रद्धेविषयी मला काही म्हणायचे नाही, आमच्या घरातूनही नारळ जातो. पण नारळ उद्याही वाहता येतो. अर्धांगात गुठळी विरघळविणारे इंजेक्शन मात्र लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच द्यावे लागते, तेही आधी स्कॅन करून. धाडहून गाडी मिळण्यात, वाट कापण्यात आणि स्कॅन होण्यात किती वेळ जातो याचा हिशेब मी गणिताची शिक्षिका म्हणून तुमच्यावरच सोपविते. लुळ्या अंगाला कबुतराचे रक्त चोळण्यात जो वेळ जातो तो याच साडेचार तासांतून वजा होतो.

म्हणून झटका दिसताच घड्याळ पाहावे. शेवटचे नीट बोलताना केव्हा पाहिले ती वेळ लक्षात ठेवावी, डॉक्टर तीच विचारतात. हसायला सांगावे, दोन्ही हात समोर धरायला सांगावे, स्वतःचे नाव-गाव बोलायला सांगावे. यातले एकही बिघडले तर १०८ला फोन करावा आणि मिळेल त्या वाहनाने निघावे, मग ते पाच मिनिटांत बरे झाले तरी. ‘गुठळीची गोळी’ म्हणून अ‍ॅस्पिरिन घरी देऊ नये, कारण मेंदूत गुठळी आहे की रक्तस्राव, हे स्कॅनवाचून डॉक्टरांनाही कळत नाही. फेफरे असेल तर कुशीवर वळवावे, डोक्याखाली मऊ कापड द्यावे, आसपासची भांडी, विळी, चूल यांपासून दूर करावे, आणि हात दाबून धरू नयेत. पाच मिनिटांत थांबले नाही, किंवा एकामागून एक येऊ लागले, तर मात्र १०८.

आम्ही एक वही ठेविली आहे. तिच्यात तारीख, वेळ, किती मिनिटे, काय बंद पडले, काय हलू लागले, नंतर किती वेळ गोंधळ होता, त्या दिवशीच्या गोळ्या, झोप, उपास, असे लिहिते. सुरुवातीला सासूबाईंना ते आवडले नाही. त्या म्हणायच्या, सून माझ्या चुका मांडते. आता विसरले तर त्याच आठवण करतात. त्या वहीवरून कळले की रात्रीचे जागरण झाले की दोन दिवसांत फेफरे येते. त्यामुळे आता लग्नघरातून त्या दहाला परत येतात, रुसून का होईना.

फेफऱ्याची गोळी सुरू केल्यावर महिनाभर त्यांचा स्वभाव फार चिडखोर झाला होता. मला वाटले, सासूपणा उशिरा आला! पण डॉक्टर म्हणाले, या गोळीचा असा परिणाम काहींना होतो. त्यांनी मात्रा कमी केली आणि आमचे पुन्हा जमले. मात्र गोळी त्रास देते म्हणून आपल्या मनाने एकदम बंद करू नये, तसे केले तर एकामागून एक फेफरी येऊ शकतात.

भाषणानंतर भगिनींनी बरेच विचारले, त्यातले थोडे चिटणीसबाईंच्या आग्रहावरून येथे लिहून देते. कांदा किंवा चप्पल हुंगवावी का, हातात लोखंडी किल्ली द्यावी का? फेफरे आपल्या वेळेला आपणच थांबते, त्या क्षणी किल्ली हातात असली तर श्रेय किल्लीला जाते. दातखिळी बसते म्हणून चमचा घालावा का? मुळीच नाही. दात तुटून श्वासनळीत जातो, आणि आपली बोटे चावली जातात ती वेगळीच.

एका भगिनीने विचारले, की फेफरे येणाऱ्या म्हाताऱ्या बाईला एकटीने न्हाणीत जाऊ द्यावे की नाही. आम्ही न्हाणीची आतली कडी काढून टाकली आहे आणि बाहेर एक दोरी बांधली आहे. दोरीवर पंचा असला की आत माणूस आहे असे समजायचे. पाण्याची बादली भरून ठेवायची, टाकीत उतरायचे नाही, आणि खाली बसूनच अंघोळ करायची. ही व्यवस्था घरात धाकट्या नातवाखेरीज सर्वांना समजली आहे.